एकच प्रत : आमचा प्रमाद



ज्ञातीचा कुलवृत्तांत आम्ही संगणकावर उतरविला. प्रत मात्र एकच ठेविली. पुढे हार्ड डिस्क निकामी झाली. वंशावळींचे कागद घरोघरी पुन्हा मिळाले. परंतु दिवंगत वृद्धांच्या ध्वनिमुद्रित आठवणी कायमच्या गेल्या. दोष यंत्राचा नव्हे, आमच्या आळसाचा.

१९९८ साली ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या फायली पुसल्या गेल्या आणि राखीव प्रतही सदोष निघाली. एका कर्मचारी भगिनीच्या घरच्या प्रतीने चित्रपट तारला.

पूर्वज पोथ्यांच्या नकला करून ठेवीत. धडा तोच : प्रती ३, साधने २ प्रकारची, त्यांतील १ प्रत परगावी, आणि प्रत्येक प्रत अधूनमधून उघडून पाहावी.

आपल्या घरी ज्येष्ठ मंडळी आहेत. त्यांचे बोल आजच टिपून या रीतीने जपावेत, ही नम्र विनंती.