दवाखान्यातून घरी आल्यावर



आश्विन पौर्णिमेला सोलापूर–तुळजापूर मार्ग पायी येणाऱ्या भाविकांनी फुलून जातो. सुमारे ४५ किलोमीटरची वाट तुडवीत आलेल्या या मंडळींसाठी पाणी, फराळ आणि प्रथमोपचार यांची सोय वाटेवर उभी राहते. चालणाऱ्यांच्या पायांची अशी काळजी वाहणाऱ्या या तालुक्यात, ज्याचे पाय चालतच नाहीत त्याच्यासाठी काय व्यवस्था आहे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

वैद्यकशास्त्र प्राण वाचविते. परंतु वाचलेला माणूस पुन्हा आपल्या हाताने जेवू लागेल, बोलू लागेल, शेताच्या बांधापर्यंत जाऊ लागेल, यासाठी वेगळे शास्त्र आहे आणि ते जाणणारी माणसेही वेगळी असतात. कोणी आखडलेले सांधे मोकळे करतो, कोणी वाचा परत आणतो, कोणी कृत्रिम पाय बसवून देतो. या सर्वांच्या कामाला पुनर्वसन म्हणतात. आपल्याकडे हा शब्द उच्चारला की धरणग्रस्त आणि भूकंपग्रस्त आठवतात, हेही खरेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी–सास्तूर परिसरात सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यानंतर गावेच्या गावे नव्याने बांधली गेली. घरे मोजता आली. ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्यांच्या मोडलेल्या हातापायांचा आणि दुखावलेल्या मणक्यांचा हिशेब मात्र ज्या त्या कुटुंबालाच पुढे वर्षानुवर्षे करावा लागला.

पक्षाघाताचे उदाहरण घ्या. घरातील कर्ता पुरुष आठ-दहा दिवसांनी दवाखान्यातून घरी येतो. उजवी बाजू गेलेली असते. सुना-लेकी त्याला भरवतात, पाणीही हातात देत नाहीत, "अण्णांना हलवू नका" असे एकमेकांना बजावतात. यामागे माया आहे, यात शंका नाही. पण हीच माया घातक ठरते. मेंदूची भरपाई सर्वाधिक वेगाने होते ती पहिल्या तीन महिन्यांत, आणि नेमके तेच तीन महिने अण्णा खाटेवर निश्चल काढतात. खांदा आखडतो, पाठीला जखमा होतात. रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी, लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नये, शक्य होताच आधार देऊन बसवावे, या साध्या गोष्टी आहेत. त्या घरी सांगायला कोणी येत नाही, एवढेच.

मुलांच्या बाबतीत तर काळ अधिकच निष्ठुर असतो. जन्मतः रडले नाही, आठ-नऊ महिन्यांचे झाले तरी बसत नाही, अशा बाळाविषयी "याचा बापही उशिराच चालला" असे सांगणारी वडीलधारी मंडळी घरोघरी असतात. मग आई नवस बोलते. नवस जरूर फेडावा. परंतु त्याच फेरीत बाळाला डॉक्टरांना दाखवावे. वाकडे पाऊल घेऊन जन्मलेल्या बाळाला दर आठवड्याला नवे प्लास्टर घालीत गेल्यास पाच-सात प्लास्टरांत पाऊल बहुधा सरळ होते. पुढे चार वर्षांचे होईपर्यंत रात्री विशिष्ट बूट वापरावे लागतात. आता या वेळापत्रकाशेजारी ऊसतोडीचे वेळापत्रक ठेवून पाहा. दिवाळीच्या सुमारास टोळी कारखान्याकडे निघते, बाळ आईबरोबर जाते, आणि तिसऱ्या प्लास्टरनंतर उपचार तुटतो. दोष त्या आईचा आहे काय?

सरकारी योजना नाहीत असे नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येते. दोष आढळल्यास मुलाला पुढील उपचारांसाठी पाठवले जाते. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ झाले. अडचण अंतराची आहे. व्यायामोपचार ही एकदा घ्यायची लस नव्हे. आठवड्यातून तीनदा जावे लागले तर तीन दिवसांची मजुरी बुडते. काठावरच्या खेड्यातून तुळजापूर, तेथून धाराशिव किंवा सोलापूर, असा प्रवास आखडलेल्या मुलाला कडेवर घेऊन किती महिने करता येईल?

याचे उत्तर मोठ्या इमारतींत शोधण्याची आपली सवय सुटत नाही. वास्तविक ते याच परिसरात सापडते. तालुक्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत अहंकारी यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशनच्या माध्यमातून खेड्यातल्याच स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देऊन 'भारतवैद्य' म्हणून उभे केले. जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून तेच सूत्र धरले. तिथे तर जयपूर पायदेखील स्थानिक कारागीर घडवू लागले. मूळ जयपूर पाय साकारणारे रामचंद्र शर्मा हेही उच्चशिक्षित नव्हते. ते कारागीर होते, आणि डॉ. प्रमोद सेठी यांच्या शास्त्राला त्यांच्या हातांची जोड मिळाली. लातूरजवळ हरंगुळ येथे जनकल्याण समितीचे 'संवेदना' हे मेंदूच्या पक्षाघाताने ग्रस्त मुलांसाठीचे केंद्र आहे. अशा ठिकाणी आईने व्यायाम शिकून घ्यावेत आणि घरी रोज करून घ्यावेत. तज्ज्ञाने अधूनमधून पाहावे. हीच व्यवस्था ग्रामीण भागाला झेपणारी आहे.

यात कार्यकर्त्याला करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्याला पदवी लागत नाही. आपल्या वस्तीत खाटेवर पडून असलेले किती, न बसणारी, न बोलणारी मुले किती, याची नोंद पायी फिरूनच होते. अशी मुले घरात पाहुण्यांसमोर आणली जात नाहीत, म्हणून एका भेटीत ती दिसणारही नाहीत. चहा दोनदा-तीनदा घ्यावा लागेल. मग प्रमाणपत्राचे काम हाती घ्यावे. ते हाती आले की एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी 'निरामय' ही एक लाख रुपयांपर्यंतची विमा योजना आहे, आणि तिच्यात अशा उपचारांचा खर्चही धरलेला आहे. टोळी निघण्यापूर्वी, म्हणजे दसऱ्याच्या आतच, त्या आईच्या हाती उपचाराचे कागद द्यावेत आणि कारखान्याजवळच्या सरकारी रुग्णालयात पुढचे प्लास्टर कुठे घालता येईल याची आधी चौकशी करून ठेवावी.