जयपूर ते मुंबई : अंतर आणि अवधी



सांगानेरच्या विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंतचे सरळ हवाई अंतर सुमारे 910 किलोमीटर आहे. विमान ते पावणेदोन ते दोन तासांत कापते. घरून निघणे, सामानाची तपासणी, मुंबईतील रहदारी हे सारे धरले, तरी सकाळी निघालेला माणूस दुपारच्या पानाला घरी पोहोचतो. सवाई माधोपूरवरून जाणारा लोहमार्ग साडेअकराशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा आहे. आगगाडीला सतरा-अठरा तास लागतात. मीटरगेजच्या काळी तर सवाई माधोपूरला सामानसुमान उतरवून ब्रॉडगेजची गाडी धरावी लागे.

त्याच काळी वडील गेल्याची तार माझ्या हाती पडली. दादरच्या घरी पोहोचलो तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता; हाती अस्थीच आल्या. त्या विलंबाचा दोष मी अंतराला दिला. आज नव्वदीची आई दूरध्वनीवर विचारते, "केव्हा येतोस?" मी उत्तरतो, "दिवाळीत बघू." आता दोष कोणाला द्यावा?

आपल्या जंतरमंतरातील सम्राटयंत्र सावलीवरून दोन सेकंदांइतका सूक्ष्म काळ दाखवते. आपल्या माणसांपाशी उरलेला काळ दाखविणारे यंत्र मात्र सवाई जयसिंहांनाही घडविता आले नाही. म्हणून विनंती एवढीच, की ज्यांची घरी कोणी वाट पाहत असेल, त्यांनी सणाची वाट पाहू नये.