स्वातंत्र्य आणि संचय



महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि निग्रो गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना ती अर्पण केली. पुढच्याच वर्षी त्या मुक्त झालेल्या लोकांवर निराळेच संकट कोसळले. त्यांच्या बचतीसाठी १८६५ मध्ये काढलेली ‘फ्रीडमन्स बँक’ १८७४ साली बुडाली. ६१ हजारांवर खातेदारांचे सुमारे ३० लक्ष डॉलर तीत अडकले. या पेढीमागे सरकार उभे आहे, अशी बहुतेकांची समजूत होती. ती खरी नव्हती. विश्वस्तांनी ठेवी बेभरवशाच्या कर्जांत गुंतवल्या होत्या. काटकसरीत खातेदार कोठेच उणे पडले नव्हते. आपला पैसा कोणाच्या हाती आहे, हे विचारण्याचे साधन मात्र त्यांच्यापाशी नव्हते.

या ठेचेतून त्या समाजाने शहाणपण घेतले. १९०३ साली रिचमंड येथे मॅगी लीना वॉकर या कृष्णवर्णीय महिलेने ‘सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक’ उघडली. एकेक पेनी साठवणाऱ्या मुलांनाही तेथे आदराचे स्थान होते. कारभार आपल्याच माणसांच्या हाती आणि हिशेब डोळ्यांसमोर, हे तिचे बळ होय.

आपल्याकडे हाच धागा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपाशी येऊन पोहोचतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते १९१३ ते १९१६ या काळात शिकले. १९२३ साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा ग्रंथ निघाला. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. रुपयाचे मोल घसरले की त्याची झळ मजुरी करणाऱ्यास अधिक लागते, हा विचार त्यांच्या विवेचनात आढळतो. वंचितांच्या घरातून आलेल्या विद्वानाने चलनासारखा रूक्ष विषय निवडावा, हा योगायोग नव्हे.

निर्ण्यासारख्या गावाला तर रुपयाचे हे कोडे अनोळखी नसावे. बीदर जिल्हा निजामी राज्यात होता, तेव्हा तेथे हाली सिक्का चाले. साधारणतः सात हाली रुपयांना सहा कलदार मिळत. वटणावळीचा हिशेब न येणारा शेतकरी बाजारात दोनदा नागवला जाई: एकदा भावात आणि एकदा नाण्यात.

आज नाणे एकच असले, तरी अज्ञानाची वटणावळ संपलेली नाही. दामदुपटीची आमिषे, भिशीचे खेळ, वाचल्याविना केलेल्या सह्या या वाटांनी घरातील पहिल्याच पगाराला गळती लागते. म्हणून तरुणांना व्याजावरील व्याज, महागाई, जोखीम आणि गुंतवणुकीची विभागणी शिकवावी. पण ती कोऱ्या सूत्रांनी नव्हे, तर या इतिहासातून. बँकेतील ठेवीस भारतात १९६२ पासून विमा आहे आणि २०२० पासून त्याची मर्यादा प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारास ५ लाख रुपये आहे. हे कळलेला मुलगा फ्रीडमन्स बँकेच्या खातेदाराचे दुःखही समजू शकेल.

ग्रंथालय हे अशा शिक्षणाचे योग्य स्थान होय. येथे कोणी काही विकत नाही, म्हणून येथे निर्भयपणे विचारता येते. शंभर वर्षे वाचकांच्या हाती पुस्तके देणाऱ्या संस्थेने पुढील पिढीच्या हाती त्यासोबत हिशेबाची एक वहीही द्यावी. अक्षराने माणसाला जाग येते. आकड्याने त्या जागेपणाचे रक्षण होते.