उद्योगांचे अहवाल आणि रावेरचे पाणी



खानदेशात आखाजीला सालदाराचा हिशेब होतो. वर्षभरात घेतलेली उचल, उरलेली रक्कम आणि पुढच्या सालाचा करार या साऱ्या गोष्टी शेतमालक आणि सालदार समोरासमोर बसून ठरवतात. या रीतीत दोघांचे बळ समान नव्हते, सालदाराचा आवाज क्षीणच होता, हे मान्य करावेच लागेल. तरीही ज्याचा हिशेब, तो हिशेबाच्या वेळी हजर असे. आज मोठ्या कंपन्या समाजाशी आणि निसर्गाशी असलेला आपला हिशेब दरवर्षी ‘शाश्वतता अहवाल’ या नावाने प्रसिद्ध करतात. तो हिशेब मांडला जातो तेव्हा समोर कोण बसलेले असते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. केळीच्या बागांनी वेढलेल्या रावेरसारख्या तालुक्याला हा विषय दूरचा वाटू शकेल. प्रत्यक्षात तो येथील विहिरीच्या तळाशी जाऊन पोहोचतो.

अहवालाची परंपरा

नफातोट्यापलीकडचा हिशेब द्यावा, हा विचार सर्वस्वी परदेशातून आलेला नाही. टाटा पोलाद कंपनीने १९७० मध्ये आपल्या नियमावलीत ग्राहक, कामगार आणि समाज यांच्याविषयीचे दायित्व लिहून घेतले. ते दायित्व कितपत पाळले गेले, हे तपासण्यासाठी जे. आर. डी. टाटा यांच्या कारकिर्दीत १९७९ मध्ये एक समिती नेमण्यात आली. न्यायमूर्ती एस. पी. कोतवाल, प्रा. रजनी कोठारी आणि प्रा. पु. ग. मावळणकर हे तिचे सदस्य होते. भारतीय उद्योगातील हे पहिले सामाजिक लेखापरीक्षण मानले जाते. तपासणारी माणसे कंपनीबाहेरची होती, ही त्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

त्यानंतर पाच वर्षांनी, डिसेंबर १९८४ मध्ये, भोपाळची वायुदुर्घटना घडली. कारखान्याच्या भिंतीलगत राहणाऱ्या हजारो कुटुंबांना आत कोणते रसायन साठवले आहे आणि ते सुटल्यास काय करावे, याची कल्पना नव्हती. उद्योगाने आपल्या शेजाऱ्यांना माहिती देणे हा सौजन्याचा भाग नसून जीवनमरणाचा प्रश्न आहे, हे त्या रात्रीने दाखवून दिले. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा त्यानंतर आला. पुढे अनेक कारखान्यांना दरवर्षी पर्यावरण विवरणपत्र देणे बंधनकारक झाले आणि १९९७ पासून मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणीची तरतूद झाली.

जगातही अशीच एक दुर्घटना कारण ठरली. १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर ‘एक्सॉन वाल्डेझ’ या जहाजातून खनिज तेलाची प्रचंड गळती झाली. त्यानंतरच्या हालचालींतून १९९७ मध्ये बोस्टन येथे ‘ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्ह’ ही संस्था उभी राहिली आणि २००० मध्ये तिने अहवालाची पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. भारतात केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०११ मध्ये नऊ तत्त्वे जाहीर केली. त्यांच्या आधारे ‘सेबी’ने २०१२ मध्ये पहिल्या शंभर सूचीबद्ध कंपन्यांकडून उत्तरदायित्वाचा अहवाल मागितला. २०२१ मध्ये त्याचे स्वरूप अधिक व्यापक करण्यात आले आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार कंपन्यांना तो अनिवार्य झाला.

भागधारक आणि हितसंबंधी

या अहवालात एक शब्द वारंवार येतो, तो म्हणजे हितसंबंधी घटक. भागधारक आणि हितसंबंधी यांत गल्लत होता कामा नये. ज्याने कंपनीत पैसा लावला तो भागधारक. ज्याचे पाणी, माती, श्रम किंवा आरोग्य कंपनीच्या कारभाराशी जोडले गेले आहे, तो हितसंबंधी. पहिल्याला वार्षिक सभेत मत असते. दुसऱ्याला मत नसते, म्हणूनच त्याचे म्हणणे ऐकण्याची स्वतंत्र व्यवस्था लागते.

नऊ तत्त्वांपैकी चौथे तत्त्व याच व्यवस्थेविषयी आहे. सेबीचा नमुना कंपनीला विचारतो की, तुमचे हितसंबंधी गट कोणते, ते कसे ठरवले, त्यांतील दुर्बल गट कोणते, त्यांच्याशी संवाद कोणत्या मार्गाने, किती वेळा आणि कशासाठी होतो. त्यापुढचा ऐच्छिक प्रश्न अधिक नेमका आहे. पर्यावरण आणि समाज यांविषयीचे महत्त्वाचे प्रश्न ठरवताना या संवादाचा उपयोग झाला काय? झाला असल्यास त्यातून कंपनीच्या धोरणात काय बदलले? सारा कस या शेवटच्या प्रश्नात आहे, आणि नेमका तोच अनिवार्य नाही.

रावेरच्या शेतकऱ्याचे स्थान यात कोठे येते? येथील बहुतेक केळी व्यापारी, पॅकहाऊस आणि वाहतूकदार शेअर बाजारात सूचीबद्ध नाहीत. त्यांना हा नियम लागू नाही. परंतु खत, कीटकनाशक, ठिबक संच आणि कर्ज ज्यांच्याकडून येते, त्यांपैकी अनेक कंपन्या व बँका त्या हजारांत आहेत. त्यांच्या भाषेत शेतकरी हा ‘मूल्यसाखळी’चा भाग. या साखळीची माहितीही मोठ्या कंपन्यांनी द्यावी, असे सेबीने २०२३ मध्ये ठरवले होते. २०२५ मध्ये ती बाब ऐच्छिक करण्यात आली. म्हणजे जे कायद्याने होणार होते, ते आता जागरूक समाजाने विचारले तरच होईल.

कार्यशाळेचे दोन प्रकार

हितसंबंधीयांशी संवादाचे सर्वांत रूढ साधन म्हणजे कार्यशाळा आणि परिसंवाद. त्यांचे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी सभागृह, मागे फलक, पडद्यावर इंग्रजी आलेख, मान्यवरांचे सत्कार, भोजन, समूहछायाचित्र. शेवटची दहा मिनिटे प्रश्नोत्तरांसाठी राखलेली असतात आणि ती सत्कारातच संपतात. वर्षअखेर अहवालात नोंद होते: इतक्या कार्यशाळा, इतके शेतकरी सहभागी. नोंद खरी असते, संवाद मात्र घडलेला नसतो.

दुसरा प्रकार अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारात पाहायला मिळतो. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने पाण्याचा ताळेबंद मांडण्याची शिस्त लावून घेतली. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी मोजायची, माणसांना आणि जनावरांना लागणारे पाणी आधी राखून ठेवायचे आणि उरलेल्यात कोणती पिके बसतात, हे ग्रामसभेत सर्वांसमक्ष ठरवायचे. ऊस आणि केळी यांसारखी जास्त पाण्याची पिके तेथे वर्ज्य ठरली. हाही शाश्वतता अहवालच आहे. तो गावाच्या भाषेत वाचला जातो, ज्यांना तो लागू आहे ते समोर असतात आणि त्यातून निर्णय होतो. केळीवर जगणाऱ्या रावेरने हिवरे बाजारची पिके उचलावीत, असे कोणी म्हणणार नाही. त्याची पद्धत मात्र उचलण्यासारखी आहे.

जळगावचे उदाहरण

या जिल्ह्याला उद्योग आणि शेतकरी यांच्या निकट संबंधाचा अनुभव नवा नाही. जामनेर तालुक्यातील वाकोदचे भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये सात हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेलच्या व्यापाराने सुरुवात केली. १९७८ मध्ये त्यांनी केळीची भुकटी करणारा कारखाना विकत घेऊन तेथे पपईच्या चिकापासून पपेन तयार करण्यास प्रारंभ केला. पुढे प्लॅस्टिक नळ्या, ठिबक सिंचन, केळीची ऊतीसंवर्धित रोपे असा विस्तार होत गेला. देशभरातील शेतकरी जैन हिल्सवर येऊन प्रशिक्षण घेऊ लागले. जैन इरिगेशनने शाश्वततेचे स्वतंत्र अहवालही प्रसिद्ध केले. तालुक्याचे शेतीचित्र बदलण्यात या कार्याचा वाटा मोठा आहे.

याच कंपनीच्या वाटचालीतून आणखी एक बोध मिळतो. २०१९ मध्ये ती कर्जफेडीच्या गंभीर अडचणीत सापडली. २०२२ मध्ये कर्जाची पुनर्रचना झाली आणि २०२३ मध्ये तिचा परदेशातील सिंचन व्यवसाय रिव्ह्युलिस या कंपनीत विलीन झाला. ज्या उद्योगावर हजारो शेतकरी आणि कामगार कुटुंबे विसंबून असतात, त्याची आर्थिक प्रकृती हासुद्धा शाश्वततेचाच विषय असतो. झाडे किती लावली याइतकेच कर्जाचा भार किती, हेही हितसंबंधीयांना कळले पाहिजे.

विहिरीचा हिशेब

आता मूळ प्रश्न. सातपुड्यातून उतरणारे सुकी, भोकर यांसारख्या नद्यांचे पाणी डोंगरपायथ्याच्या दगडगोट्यांच्या पट्ट्यात मुरते. हाच तो बझाडा पट्टा. तेथे मुरलेले पाणी तापीच्या गाळाच्या जमिनीखाली साठते आणि त्यावर यावल-रावेरची केळी उभी राहते. गेल्या काही दशकांत जितके मुरते त्याहून अधिक उपसले गेले. विहिरी आटल्या, कूपनलिका खोल खोल गेल्या. शासकीय भूजल अहवालांत या पट्ट्याचे नाव अतिउपशाच्या यादीत पुनःपुन्हा येत राहिले.

ठिबकाने एका झाडामागे पाणी वाचते, हे निर्विवाद आहे. पण वाचलेले पाणी जमिनीत राहिले, की त्यावर आणखी दोन एकर केळी लागली? ठिबक विकणारी कंपनी ‘इतके लिटर पाणी वाचले’ असे लिहिते, कर्ज देणारी बँक ‘इतक्या हेक्टरला अर्थसाहाय्य’ असे लिहिते, खताची कंपनी ‘इतके शेतकरी प्रशिक्षित’ असे लिहिते. प्रत्येक आकडा आपापल्या जागी बरोबर असतो. विहिरीची पातळी मात्र कोणाच्याच अहवालात नसते, कारण ती कोणा एकाची मालमत्ता नाही. सर्वांचे आकडे वर जात असताना विहीर खाली जाऊ शकते, आणि हे विचारू शकेल असा एकच घटक आहे: ज्याच्या शेतात ती विहीर आहे तो.

तापी खोरे महापुनर्भरण योजनेसाठी १० मे २०२५ रोजी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या राज्यांत सामंजस्य करार झाला. पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेला पाण्याचा साठा पुन्हा भरण्याचा हा प्रयत्न स्वागतार्ह आहे. परंतु भरणाऱ्या हाताबरोबर उपसणाऱ्या हाताचाही हिशेब लागतो. तो केवळ शासनाने मांडून भागणार नाही.

विचारण्याचे कर्तव्य

कंपन्यांचे अधिकारी एक तक्रार करतात आणि ती सर्वथा खोटी नाही. लोकांना बोलावले तर लोक येत नाहीत. आले तर अनुदान आणि भाव यांपलीकडे बोलत नाहीत. याचे उत्तर तयारीत आहे. कार्यशाळेचे निमंत्रण आले की गावाने आधी स्वतंत्र बसावे. शेतकरी, केळी कापणारे मजूर आणि पाणी भरणाऱ्या भगिनी, सर्वांनी. मजुराला फवारणीचा त्रास ठाऊक असतो, तो बागाईतदाराला ठाऊक असेलच असे नाही. त्या बैठकीतून मोजके प्रश्न लेखी काढावेत.

पहिला प्रश्न, आमच्या तालुक्यातून तुमच्यासाठी किती भूजल उपसले जाते आणि जेथे तुमचे उत्पादन वापरले जाते तेथील पातळीवर त्याचा काय परिणाम झाला? दुसरा, जुन्या ठिबक नळ्या, घडांवरच्या प्लॅस्टिक पिशव्या आणि औषधांचे रिकामे डबे परत नेण्याची तुमची व्यवस्था काय? तिसरा, मागच्या कार्यशाळेत आम्ही जे सांगितले, त्यातील काय तुमच्या संचालक मंडळापुढे गेले आणि काय बदलले? चौथा, तुमच्या अहवालाचा सारांश मराठीत कधी मिळेल?

हे अहवाल गुप्त नसतात. कंपन्यांच्या आणि शेअर बाजाराच्या संकेतस्थळांवर ते कोणालाही वाचता येतात. बहुतांशी ते इंग्रजीत असतात, एवढीच अडचण. प्रत्येक गावात आज वाणिज्य शाखेचे पदवीधर आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, पुण्यामुंबईत नोकरी करणारी मुले-मुली आहेत. दोन-तीन जणांनी मिळून वर्षाला एका कंपनीचा अहवाल वाचावा, आपल्या तालुक्याशी संबंधित चार पाने मराठीत उतरवावीत आणि ग्रामसभेत वाचून दाखवावीत. त्याच सभेत गावातील दहा विहिरींची मे आणि ऑक्टोबरमधील पातळीही नोंदवावी. या कामाला निधी लागत नाही, सातत्य लागते. आणि सातत्य हाच कार्यकर्त्याचा खरा गुण मानला जातो.

चांगल्या उद्योगाला असे प्रश्न जाचक वाटणार नाहीत. पुढील वीस वर्षे येथे व्यवसाय करायचा तर येथे पाणी राहिले पाहिजे, हे त्यालाही कळते. उद्योगाने हिशेब द्यावा आणि समाजाने तो मागावा, यात वैर नाही. ही एकाच विहिरीवर अवलंबून असलेल्या दोघांची परस्परांप्रतीची जबाबदारी आहे. येत्या उन्हाळ्यात रावेर तालुक्यातील एखाद्या गावाने जरी आपल्या विहिरींचे आकडे हाती घेऊन कार्यशाळेत प्रवेश केला, तरी त्या दिवशी अहवालात ‘सहभागी’ या रकान्यात केवळ संख्या उरणार नाही. तेथे गावाचे म्हणणे लिहावे लागेल.