भेंडीतला व्हायरस आणि माझी चूक
(मंडळाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला माईकसमोर बघून काहींना वाटलं असेल, हा आता पासवर्ड कसा ठेवावा ते सांगणार. मी व्हायरसवरच बोलणार आहे, पण तो कॉम्प्युटरमधला नाही, भेंडीतला आहे. मी काही वनस्पतिशास्त्रज्ञ नाही. या विषयाकडे वळलो तो एका चुकीमुळे. ती आधी कबूल करतो, म्हणजे पुढचं बोलायला मोकळा झालो.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात फलटणजवळच्या गावाहून काकांनी मोबाईलवर फोटो पाठवले. वीस गुंठे भेंडी होती. पानांच्या शिरा हळदीसारख्या पिवळ्याजर्द, मधला भाग हिरवा, आणि भेंड्या फिकट, खुरटलेल्या. काका म्हणाले, "अरे, लोक म्हणतात व्हायरस आहे. तुझाच विषय की! सांग काय करू ते."

मी दहा मिनिटं इंटरनेट धुंडाळलं आणि मोठ्या ऐटीत एका महागड्या बुरशीनाशकाचं नाव कळवलं. काकांनी पुतण्यावर विश्वास ठेवून दोन फवारण्या केल्या. काहीही फरक पडला नाही. महिन्याभरात सगळा प्लॉट उपटावा लागला. बियाण्याचे पैसे गेले, मजुरी गेली, वर माझ्या सल्ल्याचा खर्च. काका एका शब्दाने बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. मग मी नीट वाचायला बसलो.

पहिलीच गोष्ट कळली ती ही, की बुरशीनाशक बुरशी मारतं, व्हायरस नाही. विषाणू पेशीच्या आत बसलेला असतो आणि पेशीचीच यंत्रणा वापरतो. एकदा झाड बाधित झालं की ते बरं करणारं औषध शेतकऱ्याच्या हाती नाही.

या रोगाला आपल्याकडे हळद्या म्हणतात. त्याची पहिली नोंद कुठली असेल? आपल्याच जुन्या मुंबई इलाख्यातली, १९२४ सालची, कुलकर्णी नावाच्या संशोधकांची. आणि विषाणूचं इंग्रजी नाव आहे भेंडी यलो व्हेन मोझॅक व्हायरस. जगभरच्या शास्त्रज्ञांच्या यादीत आपली 'भेंडी' जशीच्या तशी जाऊन बसली आहे. अभिमान वाटावा की वाईट वाटावं, कळत नाही!

आता याचं घराणं बघू. घराण्याचं नाव जेमिनिव्हिरिडी. जेमिनी म्हणजे आपली मिथुन रास, जुळी भावंडं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली याचे कण जोडीजोडीने चिकटलेले दिसतात, म्हणून हे नाव. एका जोडकणाची लांबी सुमारे ३८ नॅनोमीटर आणि रुंदी २२. एका मिलिमीटरमध्ये असे पंचवीस हजारांहून अधिक कण लांबीने रांगेत बसतील. कवच एकाच प्रकारच्या प्रथिनाच्या ११० प्रतींचं, आणि आत एकेरी धाग्याच्या डीएनएचं एक वर्तुळ.

त्या वर्तुळात सुमारे २,७०० अक्षरं असतात. डीएनएची अक्षरं चारच, म्हणजे एका अक्षराला दोन बिट पुरतात. हिशेब केला तर सगळा प्रोग्रॅम ६७५ बाइटच्या आसपास येतो. साध्या फोनवरचे पाच एसएमएस! आमच्या ऑफिसात नुसतं 'लॉगिन' बटण यापेक्षा जास्त जागा खातं.

एवढ्याशा जागेत भागतं कसं? एक तर त्याचे जीन एकमेकांवर चढलेले असतात आणि वर्तुळ दोन्ही दिशांनी वाचलं जातं. दुसरं म्हणजे डीएनएची नक्कल करणारं यंत्र हा विषाणू स्वतःजवळ बाळगतच नाही. त्याचं 'रेप' नावाचं प्रथिन झाडाच्या पेशीला फसवतं, वाढ थांबवून निवांत बसलेल्या पेशीला पुन्हा डीएनए बनवायच्या कामाला लावतं. मग यंत्र झाडाचं, कच्चा माल झाडाचा, आणि प्रती मात्र पाहुण्याच्या.

झाडही गप्प बसत नाही. त्याच्याकडे अँटिव्हायरस असतो, आणि तो चक्क आपल्यासारखाच चालतो. विषाणूच्या आरएनएचे वीस-बावीस अक्षरांचे तुकडे करून झाड ते नमुना म्हणून जपून ठेवतं, आणि त्याच्याशी जुळणारा संदेश दिसला की कापून टाकतं. पण भेंडीच्या विषाणूबरोबर एक साथीदार येतो. बीटासॅटेलाइट म्हणतात त्याला. हेही डीएनएचंच वर्तुळ, सुमारे १,३५० अक्षरांचं. त्याचं एकमेव ठळक काम म्हणजे झाडाचा अँटिव्हायरस बंद पाडणं. मदुराई कामराज विद्यापीठातल्या पी. जोस आणि आर. उषा यांनी २००३ साली दाखवून दिलं की नुसत्या विषाणूने भेंडीवर रोग जेमतेम दिसतो. हा साथीदार सोबत असला, की शिरा पिवळ्या पडतात.

आता वर्गीकरण, म्हणजे माझ्या आवडीचा भाग. जेमिनिव्हिरिडी कुळात डझनाहून अधिक वंश आहेत. ते मांडताना तीन गोष्टी पाहतात: डीएनएची रचना कशी, रोग कुठल्या झाडांना होतो, आणि विषाणूला नेणारा कीटक कोणता. मॅस्ट्रेव्हायरस तुडतुड्यांवर स्वार होतात. आफ्रिकेतल्या मक्याचं अतोनात नुकसान करणारा विषाणू त्यांच्यातलाच. कॅप्युलाव्हायरसना मावा लागतो. आपल्या भेंडीचा विषाणू आहे बेगोमोव्हायरस वंशातला. 'बीन गोल्डन मोझॅक' या तीन शब्दांची सुरुवातीची अक्षरं जोडून हे नाव बनलं. याचं वाहन पांढरी माशी. टोमॅटो, कसावा, मिरची, कापूस, मूग, सगळीकडे हे नातेवाईक पसरलेत. या एका वंशात चारशेहून अधिक जाती आहेत.

दोन विषाणू एकाच जातीचे की वेगळे, हे ठरतं कसं? मुख्य वर्तुळाची अक्षरं शेजारी शेजारी ठेवून जुळवतात, जशा आपण दोन फाइली 'कम्पेअर' करतो. २०१५ मध्ये बेगोमोव्हायरससाठी सीमा ठरली ९१ टक्के. त्याहून कमी जुळलं तर नवी जात. म्हणजे २,७०० पैकी साधारण २४० अक्षरांचा फरक. पण एकाच झाडात दोन विषाणू शिरले तर ते आपसात तुकडे बदलतात, आणि तिसराच जन्माला येतो. म्हणून ही यादी कधी पुरी होत नाही, आणि आज टिकाव धरणारं बियाणं उद्या हात टेकतं.

याचा अनुभव भेंडीनेच दिलाय. 'पुसा सावनी' हे वाण दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने काढलं तेव्हा ते हळद्याला दाद देत नव्हतं, पुढे बळी पडू लागलं. मग परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८० च्या दशकात तिचा भेंडीच्या एका रानटी बहिणीशी संकर करून 'परभणी क्रांती' दिली. कित्येक वर्षं तिने शेतकऱ्याला हात दिला, पण तिचंही बळ पुढे कमी होत गेलं. हा सामना कायमचा कोणी जिंकत नाही.

मग हातात काय उरतं? टिकाव धरणारं वाण निवडायचं, रोगट झाड दिसताक्षणी उपटून नष्ट करायचं, बांधावरचं तण काढायचं, पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावायचे. अगदी साधी कामं. आणि सल्ला घ्यायचा तो कृषी विज्ञान केंद्राचा, अमेरिकेतल्या पुतण्याचा नाही.

मंडळी, आता थोडं आपल्याबद्दल. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या बॅकयार्डमध्ये भेंडी आहे, मिरची आहे. बॅग भरताना आई हळूच एखादं रोप, एखादी फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून देते. मीही आणलं आहे, नाही म्हणत नाही. पण बघा, टोमॅटोचा पानं मुरडणारा आणि पिवळी करणारा विषाणू, हाही बेगोमोव्हायरसच, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅरिबियन बेटांवर पोचला आणि १९९७ मध्ये फ्लोरिडात सापडला. तो भूमध्य समुद्राकाठून रोपांबरोबर आला असं मानलं जातं. कोणाचा वाईट हेतू नव्हता. पानाखाली दोन-चार पांढऱ्या माश्या असल्या तरी पुरतं. तेव्हा विमानतळावर 'झाडं, बिया, फळं आहेत का?' असं विचारलं, तर खरं सांगा. तो प्रश्न इथल्या कोणाच्या तरी काकांच्या शेतासाठी असतो.

गेल्या वर्षी काकांनी पुन्हा भेंडी लावली. वाण त्यांनी स्वतः चौकशी करून निवडलं. आठ-दहा झाडांच्या शिरा पिवळ्या दिसल्या, ती त्यांनी त्याच दिवशी उपटली. प्लॉट वाचला. फोनवर म्हणाले, "आता भेंडी खायला ये." मी विचारलं, "काका, रागावला नव्हतात ना?" तर हसून म्हणाले, "रागावून काय करू? तुझा व्हायरस वेगळा, माझा वेगळा."

 तुम्हा सर्वांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा!