चेहऱ्यावरील औषधांची बेरीज



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस हंसूं आलें असेल. पस्तीस वर्षें फळ्यासमोर उभें राहून अंकगणित शिकविणाऱ्या माणसानें चेहऱ्याला लावावयाच्या मलमांविषयीं बोलावें, हें विचित्र दिसतें खरें. परंतु ज्या चुकीबद्दल मी आज बोलणार आहें, ती मूळांत बेरजेचीच चूक आहे. आणि तींत माझाहि वाटा होता.

माझी नात कॉलेजांत शिकते. तिच्या गालांवर पुटकुळ्या येत. मोबाइलवरील चित्रफिती पाहून तिनें एकामागून एक बाटल्या मागविल्या. सकाळीं 'क' जीवनसत्त्वाचें सीरम, संध्याकाळीं ग्लायकोलिक आम्ल, आणि रात्रीं त्याच त्वचेवर रेटिनॉल, असा क्रम सुरू झाला. आठवड्याभरांत चेहरा कोरडा पडून ओढल्यासारखा दिसूं लागला. तेव्हां मीं आजोबांच्या अधिकारानें सल्ला दिला, "अग, डाळीच्या पिठांत लिंबू पिळून लाव. आपल्या घरांत पूर्वींपासून हेंच चालत आलें आहे." पोरीनें माझा मान राखला; बाटल्या मात्र सोडल्या नाहींत. दोन दिवसांत गाल लालभडक झाले. नुसतें पाणी लागलें तरी आग होई. लाली ओसरली, तेथें काळसर डाग उरले, आणि ते जावयास चार महिने लागले. मध्यंतरीं तिच्या मावशीचें लग्न झालें. त्यालाहि ती गेली नाहीं.

त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनीं सगळ्या बाटल्या टेबलावर मांडून घेतल्या आणि मला म्हणाल्या, "गुरुजी, यांतली एकहि बाटली वाईट नाहीं. वाईट झाली ती यांची बेरीज." त्यांनीं जें समजावून सांगितलें आणि मागाहून मीं जें वाचलें, त्याचें सार आपणांपुढें ठेवितों.

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर कागदाहूनहि पातळ असतो. त्यांत मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असून फटींत स्निग्ध द्रव्यांचा चुना भरलेला असतो. ही भिंत आंतील ओलावा बाहेर जाऊं देत नाहीं आणि बाहेरचीं अपायकारक द्रव्यें आंत शिरूं देत नाहीं. ती सतत झिजते व सतत नवी होते. या फेऱ्यास साधारणपणें चार आठवडे लागतात.

आतां बाटल्यांतील द्रव्यें काय करितात तें पाहूं. ग्लायकोलिक आम्ल उसांतहि असतें व लॅक्टिक आम्ल दह्यांत; हीं दोन्ही पेशींची परस्परांवरील पकड सैल करितात. सॅलिसिलिक आम्ल तेलांत विरघळतें, म्हणून तें रोमरंध्रांत उतरून तेथील मळ मोकळा करितें. रेटिनॉल हें 'अ' जीवनसत्त्वाचें एक रूप. तें नव्या पेशी घडण्याची गति वाढवितें. बेन्झॉइल पेरॉक्साइड पुटकुळ्यांतील जंतु मारतें. प्रत्येकाचा उपयोग आहे. परंतु एकानें विटा सैल करावयाच्या आणि त्याच रात्रीं दुसऱ्यानें घाईघाईनें नव्या विटा रचावयास लावावयाच्या, असें झालें म्हणजे भिंतीला उसंत कोठली? येथें दोन आणि दोन चार होत नाहींत. कधीं कधीं दहा होतात.

लिंबाचा रस घरचा म्हणून सौम्य, ही माझी समजूत होती. तो वस्तुतः फार तीव्र आम्ल आहे, आणि त्यांत व त्याच्या सालींत अशीं द्रव्यें असतात कीं तीं अंगावर असतां ऊन लागल्यास भाजल्यासारखे डाग पडतात. शिवाय आपल्या सांवळ्या वर्णाच्या त्वचेचा एक धर्म आहे. कोठेंहि दाह झाला कीं ती तेथें जास्त रंगद्रव्य तयार करिते. दाह चार दिवसांत शमतो. डाग महिनोन्‌महिने राहतो. म्हणून थोडी आग होणें हें औषध लागूं पडल्याचें चिन्ह, असें कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवूं नये.

तर मग रीत कोणती? प्रथम पाया: सौम्य साबणानें तोंड धुणें, ओलावा राखणारें साधें मलम, आणि दिवसा निदान ३० एसपीएफचें सनस्क्रीन. तर्जनी व मध्यमा या दोन बोटांच्या लांबीइतकें सनस्क्रीन चेहरा व मान यांस लागतें, आणि उन्हांत असल्यास दर दोन तासांनीं पुन्हा लावावें लागतें. आम्लें व रेटिनॉल वापरणाऱ्यांनीं तर यांत हयगय करूंच नये.

पाया बसल्यावर एका वेळीं एकच नवी वस्तु घ्यावी. आधीं हाताच्या आंतल्या बाजूस चार-पांच दिवस लावून पाहावी, आणि ती चेहऱ्याला मानवली असें तीन-चार आठवडे पाहून मगच दुसरी आणावी. म्हणजे त्रास झाल्यास अपराधी कोण तें कळतें. रेटिनॉल रात्रीं, कोरड्या त्वचेवर, वाटाण्याएवढें, आठवड्यांतून दोनच वेळां सुरू करावें. आम्ल लावावयाचें तर तें निराळ्या रात्रीं. उरलेल्या रात्रीं नुसतें ओलाव्याचें मलम. 'क' जीवनसत्त्व सकाळीं, सनस्क्रीनच्या खालीं, शोभतें.

सर्वच जोड्या वाईट नसतात. नायसिनामाइड हें बहुतेकांशीं जुळवून घेतें, रेटिनॉलशींहि. हायल्युरोनिक आम्लाच्या नांवांत आम्ल असलें तरी तें सोलणारें नव्हे; तें पाणी धरून ठेवितें. ट्रेटिनॉइन हें जुनें औषध बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या संगतींत निकामी होऊं शकतें. पण त्याच कुळांतील ॲडापॅलीन टिकतें, म्हणून तीं दोन एका नळींत मिळतात. जोडी जमते कीं नाहीं, हें असें तपासून ठरवावें लागतें. नांवावरून ओळखतां येत नाहीं. गरोदर स्त्रियांनीं मात्र रेटिनॉल व त्याच्या कुळांतील औषधें वर्ज्यच करावीं.

एका बेरजेविषयीं विशेष सावध करावेंसें वाटतें. गोरेपणाचें मलम म्हणून शेजारणीकडून शेजारणीकडे जाणाऱ्या कित्येक नळ्यांत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड हीं तीन औषधें एकत्र असतात. १९७५ सालीं अमेरिकेंतील क्लिगमन व विलिस या डॉक्टरांनीं अशा त्रयीचें सूत्र प्रसिद्ध केलें, तें काळ्या डागांच्या उपचारासाठीं. रोज तोंडाला फासण्यासाठीं नव्हे. आरंभीं चेहरा उजळतो. पुढें त्वचा पातळ होते, तांबड्या शिरा दिसूं लागतात, पुटकुळ्या व लव वाढते, आणि मलम सोडलें कीं आग भडकते. म्हणून २०१८ सालीं भारत सरकारनें अनेक स्टिरॉइड मलमें चिठ्ठीवांचून विकूं नयेत अशा यादींत घातलीं. नळी विकत घेण्यापूर्वीं तिच्यावरील बारीक अक्षरें वाचावीं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकीं नांव दिसल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून ती चेहऱ्याला लावूं नये. आणि अशी नळी कित्येक महिने चालूच असेल, तर ती एकाएकीं न टाकतां डॉक्टरांस दाखवून त्यांच्या सांगण्याप्रमाणें सोडावी.

घरच्या बाटल्यांनीं चेहरा चुरचुरूं लागला तर दुसरें औषध शोधीत बसूं नये. त्या सर्व बाटल्या बंद कराव्या, साध्या पाण्यानें तोंड धुवावें, साधें मलम लावावें आणि त्वचेला सवड द्यावी. सूज किंवा फोड आल्यास त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें.

आमच्या घरीं आतां न्हाणीघराच्या भिंतीवर एक वेळापत्रक लावलेलें आहे. तें माझ्या हातचें आहे. सोमवार व गुरुवार रेटिनॉल, शनिवार आम्ल, आणि बाकीच्या चार रात्रींपुढें मीं 'सुट्टी' असें लिहिलें आहे. तें पाहून नात हंसते, पण पाळते. आणि मीहि एक नियम पाळतों: कोणी विचारलें तरी लिंबाचा सल्ला देत नाहीं. आपणहि आज घरीं एकदां आरशापुढील बाटल्या मोजून पाहाव्या, इतकीच विनंति.