मुलाजवळ कोण थांबणार?

आजारी मुलाचा ताप मोजला जातो; वेदना किती, हे त्याला क्वचितच विचारले जाते. १९८३ साली अमेरिकेत डोना वाँग व कॉनी बेकर यांनी त्यासाठी सहा चेहऱ्यांची पट्टी तयार केली. मूल चेहऱ्यावर बोट ठेवते आणि उपचार करणाऱ्यांना पुढचा निर्णय घेता येतो.

जालना जिल्ह्यात आणखी एक प्रश्न विचारावा लागेल: मुलाजवळ कोण थांबणार? अंबड-घनसावंगीतून उचल घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या आईला खाड्याचा दंड भरावा लागतो. तो हिशेब तपासणीच्या कागदावर आला नाही, तर उपचार अर्ध्यावर सुटण्याचा धोका राहतो.

बालहक्कांचा करार भारताने १९९२ साली स्वीकारला. मुलाचे म्हणणे ऐकणे हे शासनाचे कर्तव्य ठरले. ‘आई हवी’ हेही मुलाचे म्हणणेच आहे. तिच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई शासनाने केलीच पाहिजे.